लंडनची नाताळची रोषणाई : लाल बसच्या वरच्या मजल्यावरून

डिसेंबरात लंडनच्या मराठी घरांमध्ये भारतातून कोणी ना कोणी आलेले असते. कोणाचे आईवडील असतात, कोणाचे सासूसासरे, तर कोणाची मावशी आणि काका. बाहेर थंडी आणि पाऊस असल्यामुळे या पाहुण्यांना दाखवण्यासारखे फारसे काही उरत नाही, आणि मग ‘ती दिव्यांची आरास तरी दाखव’ अशी मागणी होते. ही रोषणाई पाहण्याचे तीन रूढ मार्ग आहेत. पहिला, खास त्यासाठी निघणाऱ्या उघड्या छताच्या बसचे तिकीट काढणे. दुसरा, क्यू येथील वनस्पती-उद्यानात नाताळात भरणारी दिव्यांची वाट पैसे देऊन चालणे. तिसरा, शहराची नेहमीची लाल डबल-डेकर बस पकडून वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढे बसणे आणि योग्य ठिकाणी उतरून थोडे पायी फिरणे. तिन्ही मार्ग मी आलेल्या पाहुण्यांसह अजमावले आहेत, आणि माझा कौल तिसऱ्याच्या बाजूने आहे. दुसऱ्यालाही मी नापास करणार नाही, परंतु तो वेगळ्या प्रकृतीच्या माणसांसाठी आहे. पहिल्याची शिफारस मात्र मी फार थोड्यांनाच करीन.

नेहमीच्या बसपैकी १३९ क्रमांकाची बस या कामासाठी जणू मुद्दाम आखली आहे. ती गोल्डर्स ग्रीनहून निघते आणि वेस्ट हॅम्पस्टेड, बेकर स्ट्रीट, ऑक्सफर्ड स्ट्रीट, रीजंट स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस आणि ट्रफाल्गर स्क्वेअर असे करत थेम्स ओलांडून वॉटर्लूला पोहोचते. म्हणजे नाताळच्या रोषणाईचे दोन सर्वांत प्रसिद्ध रस्ते आणि शहराचा सर्वांत प्रसिद्ध नाताळवृक्ष एकाच बसच्या वाटेवर येतात. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिल भागात आहे. तिथे एखाद्या कार्यक्रमाला गेलेल्यांना भुयारी रेल्वेच्या जुबिली लाइनने वेस्ट हॅम्पस्टेडला उतरून ही बस सहज पकडता येते, आणि वाटेत दिव्यांच्या आधी आणखी दोन गोष्टी पदरात पडतात. बस अॅबी रोडवरच्या, बीटल्स या गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठामुळे जगप्रसिद्ध झालेल्या झेब्रा क्रॉसिंगवरून जाते आणि नंतर लॉर्ड्स मैदानाच्या जवळून. सोबत क्रिकेटचे वेड असलेले काका असतील तर त्यांच्यासाठी सहल इथेच सुफळ संपूर्ण होते आणि पुढचे दिवे ही केवळ दक्षिणा ठरते.

भाड्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नवख्या पाहुण्यांचा गोंधळ येथेच होतो. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतले जात नाहीत. ऑयस्टर कार्ड (लंडनच्या वाहतुकीसाठी आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड) किंवा काँटॅक्टलेस बँक कार्ड चढताना यंत्राला टेकवावे लागते, आणि प्रत्येक प्रौढ प्रवाशाचे कार्ड वेगळे असावे लागते. मुलाने आपलेच कार्ड तीनदा टेकवून आईवडिलांना पुढे पाठवणे चालत नाही. २०२५ साली एका प्रवासाचे भाडे १.७५ पौंड होते, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभराच्या आत दुसऱ्या, तिसऱ्या कितीही बसमध्ये चढले तरी वेगळे भाडे कापले जात नाही. अकरा वर्षांखालील मुलांना बसप्रवास विनामूल्य आहे. तासाभराच्या या सवलतीचा अर्थ असा की ऑक्सफर्ड स्ट्रीट पाहून खाली उतरावे, रीजंट स्ट्रीटवर थोडे चालावे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून पुढची बस पकडावी. सगळा खेळ एकाच भाड्यात बसू शकतो. डिसेंबरच्या संध्याकाळी मध्य लंडनमध्ये वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात, त्यामुळे दर वेळी हे साधेलच असे नाही. पण न साधल्यास होणारा दंड आणखी एका बसभाड्याचाच असतो.

पुढच्या जागेसाठी युक्ती एकच, ती म्हणजे बस जिथे सुरू होते तिथे किंवा त्याच्या जवळपास चढणे. बेकर स्ट्रीटला चढणाऱ्यांना पुढच्या काचेजवळची जागा मिळण्याची आशा कमी, आणि खुद्द ऑक्सफर्ड स्ट्रीटला चढणाऱ्यांना तर उभे राहण्याचीही भ्रांत. वर जाण्याचा जिना अरुंद आणि वळणाचा असतो व प्रवासी वर पोहोचेपर्यंत चालक थांबतोच असे नाही. ज्यांचे गुडघे दुखतात अशांनी कठड्याची नळी घट्ट धरून चढावे, आणि उतरताना आपल्या थांब्याच्या आधीच्या थांब्यावर, बस उभी असतानाच खाली यावे. पावसाळी हवेत काचेवर आतून बाष्प धरते, ते पुसण्यासाठी जवळ रुमाल ठेवावा. हा रुमाल या संपूर्ण सहलीतले सर्वांत उपयुक्त साधन आहे, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

सेल्फ्रिजेस या बहुमजली दुकानाच्या उंच खांबांच्या इमारतीजवळ बस ऑक्सफर्ड स्ट्रीटला लागते आणि समोर दिव्यांची पहिली ओळ येते. अलीकडच्या वर्षांत इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या तारांवर हजारो ताऱ्यांच्या झालरी सोडलेल्या असतात. जवळून पाहिल्यास त्यांत विशेष कारागिरी दिसत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. फुटपाथवरून मान वर करून पाहणाऱ्याला एका वेळी एखाददुसरी झालर दिसते, आणि तेवढ्यात मागून येणाऱ्यांचा धक्का बसतो. पण हा रस्ता जवळजवळ सरळ आहे. वरच्या मजल्याच्या पुढच्या काचेतून पाहिले की ताऱ्यांच्या ओळीमागे ओळ, त्यामागे आणखी ओळ अशी दूरवर जाणारी रचना डोळ्यांसमोर उलगडते, आणि बस थांबत थांबत जात असल्यामुळे ती निवांत पाहताही येते. ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा आनंद व्हावा असे प्रसंग आयुष्यात थोडे. हा त्यांपैकी एक आहे. रोषणाई दिव्यांच्या दर्जापेक्षा पाहणाऱ्याच्या जागेवर अधिक अवलंबून असते हे मला या रस्त्यावर पटले, आणि बसची बाजू घेण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे.

रीजंट स्ट्रीटला मात्र नियम उलटा होतो, आणि हे दोन रस्ते मिळतात त्या ऑक्सफर्ड सर्कसला बस सोडून पायी निघावे असे माझे स्पष्ट मत आहे. इथल्या आराशीत २०१६ पासून, मधूनमधून थोडेफार बदल होत असले तरी, पंख पसरलेले प्रचंड देवदूत रस्त्यावर अधांतरी तरंगत असतात. त्यांत तीन लाखांहून अधिक एलईडी दिवे आहेत. बसमधून हे देवदूत दुरून सुंदर दिसतात, पण जवळ येताच बसचे छत त्यांचे डोके आणि पंख कापून टाकते, आणि नेमक्या पाहण्याच्या क्षणी आपल्या हाती त्यांचे पाय लागतात. शिवाय हा रस्ता पिकॅडिलीकडे जाताना मोठे डौलदार वळण घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वास्तुविशारद जॉन नॅश यांनी आखलेल्या या वळणावर इमारतींच्या दर्शनी भिंती सलग कमानीसारख्या वाकत जातात, आणि चालणाऱ्याला पुढचा देवदूत एकदम न दिसता आधी एक पंख, मग मुख, मग दुसरा पंख असा क्रमाक्रमाने दिसतो. सरळ रस्ता बसून पाहावा आणि वाकडा रस्ता चालून पाहावा, एवढे लक्षात ठेवले तरी या दोन रस्त्यांचा हिशेब चुकत नाही.

रीजंट स्ट्रीटचे दिवे लंडनच्या या प्रथेचे मूळ आहेत. युद्ध संपून नऊ वर्षे झाली तरी शहर नाताळात भकास दिसते अशी टीका एका वृत्तपत्रात झाली, आणि ती मनावर घेऊन इथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने १९५४ साली स्वतःच्या खर्चाने पहिली आरास उभी केली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ब्रिटनमधले शिधावाटप पूर्णपणे संपले होते. म्हणजे कार्डावर मोजून मांस मिळण्याचे दिवस सरले आणि त्याच हिवाळ्यात रस्त्यावर दिवे लागले. ऑक्सफर्ड स्ट्रीटने १९५९ मध्ये अनुकरण केले. पुढे मंदीच्या काळात काही वर्षे ही प्रथा खंडितही झाली होती आणि १९७८ साली ती पुन्हा सुरू झाली. २०२२ मध्ये विजेचे दर भडकल्यावर ऑक्सफर्ड स्ट्रीटचे दिवे दुपारी तीन ते रात्री अकरा एवढ्यापुरतेच ठेवण्यात आले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की आपल्याकडचे काही पाहुणे इथे धार्मिक भाव शोधतात आणि तो न सापडल्याने हिरमुसतात. हे दुकानदारांनी गिऱ्हाइकांसाठी लावलेले दिवे आहेत, ते हिशेबाच्या वहीतून उगवतात आणि मंदी आली की विझतात. तेवढी अपेक्षा ठेवून गेले तर ती पुरेपूर भागते. पुण्यात गणपतीचे देखावे पाहायला निघालेला माणूस मंडळाच्या कमानीवरच्या जाहिरातींकडे ज्या समजूतदारपणे पाहतो, तीच दृष्टी इथे उपयोगी पडते.

रीजंट स्ट्रीटवरून डावीकडच्या एका गल्लीत शिरले की लिबर्टी हे दुकान लागते. त्याची काळ्यापांढऱ्या लाकडी चौकटींची इमारत ट्युडर काळातली वाटत असली तरी ती १९२४ सालची आहे आणि दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या लाकडातून बांधलेली आहे. त्यांपैकी एका नौकेचे नाव होते ‘हिंदुस्थान’. पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली की दिव्यांपेक्षा त्या लाकडाकडेच अधिक वेळ पाहिले जाते असा माझा अनुभव आहे. लिबर्टीच्या पाठीमागेच कार्नबी स्ट्रीट आहे. तिथे वाहनांना बंदी असते आणि दर काही वर्षांनी आराशीचा विषय बदलतो. २०१९ मध्ये समुद्र हा विषय घेऊन टाकाऊ प्लॅस्टिक आणि जुनी मासेमारीची जाळी यांपासून जलचर घडवले होते. मोठ्या रस्त्यांपेक्षा इथे कल्पकता अधिक असते, आणि गल्ली अरुंद असल्याने दिवे अगदी डोक्यावर येतात. लहान मुलांना देवदूतांपेक्षा हेच अधिक आवडते. मात्र शनिवारी संध्याकाळी इथे बाळाची ढकलगाडी घेऊन शिरू नये.

बाँड स्ट्रीटवर काही वर्षे मोरपिसांच्या आकृती लावल्या जात असत. आपल्या डोळ्यांना त्या परक्या भूमीवर फार ओळखीच्या वाटत, परंतु हा श्रीमंती दुकानांचा रस्ता एका दृष्टिक्षेपात संपतो, त्यासाठी वाकडी वाट करण्याची गरज नाही. पिकॅडिलीवर फोर्टनम अँड मेसन हे १७०७ सालचे दुकान डिसेंबरात आपल्या दर्शनी खिडक्यांवर एक ते चोवीस आकडे मांडते आणि साऱ्या इमारतीचेच नाताळपूर्व दिवस मोजणारे पंचांग करून टाकते. ही कल्पना मला अतिशय आवडते, कारण तिच्यासाठी नवे काही उभारावे लागलेले नाही. भिंत आणि खिडक्या आधीपासून होत्याच. उलट पिकॅडिली सर्कसच्या कोपऱ्यावरचा प्रचंड जाहिरात-फलक बाराही महिने जळत असतो आणि नाताळातसुद्धा आजूबाजूची सगळी आरास फिकी पाडतो. पहिल्यांदा येणारे पाहुणे त्यालाच नाताळची रोषणाई समजून भराभर छायाचित्रे काढतात. त्यांना थांबवू नये.

तिथून पुन्हा बस घ्यावी किंवा दहा मिनिटे चालावे, म्हणजे ट्रफाल्गर स्क्वेअर येतो. तिथल्या नाताळवृक्षाविषयी मी जरा पक्षपाताने लिहिणार आहे. १९४७ पासून ऑस्लो शहर दरवर्षी लंडनला हा स्प्रूसचा (एक सूचिपर्णी जात) वृक्ष भेट देते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर राजा सातवा हाकोन आणि त्याचे सरकार लंडनमध्ये आश्रयाला होते, त्या मदतीची ही कृतज्ञता आहे. ऑस्लोभोवतालच्या जंगलात वीस मीटरहून उंच, पन्नासाहून अधिक वर्षांचा वृक्ष हेरला जातो आणि नोव्हेंबरात तो दोन्ही शहरांच्या प्रतिनिधींसमक्ष तोडून जहाजाने आणला जातो. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी त्यावरचे दिवे लागतात. नॉर्वेच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या दिव्यांच्या माळा शेंड्यापासून खाली उभ्या सोडलेल्या असतात. गोल गुंडाळलेल्या नसतात, रंगीत नसतात, आणि त्यांच्यामध्ये गोळे, फिती, चमकी असे काहीही नसते.

साहजिकच रीजंट स्ट्रीटच्या देवदूतांवरून आलेल्या माणसाला हे झाड दरिद्री वाटते. खुद्द लंडनकरही त्याची दरवर्षी थट्टा करतात. २०२१ मध्ये झाडाच्या फांद्या इतक्या विरळ दिसल्या की समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला, आणि दुसरे झाड पाठवावे काय यावर ऑस्लोत चर्चा झाली. माझ्या सोबत आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी तर ‘एवढ्या मोठ्या चौकात एवढेच?’ असे उघड विचारले. मला मात्र संपूर्ण फेरीतली हीच एक गोष्ट अशी वाटते की जिच्यामागे काही विकण्याचा हेतू नाही. जंगलात वाढलेले झाड जंगलातल्यासारखेच वेडेवाकडे दिसणार. डिसेंबरच्या बहुतेक संध्याकाळी झाडाखाली निरनिराळ्या संस्थांची गायकपथके धर्मादाय मदतीसाठी नाताळगीते गातात. ती ऐकण्यासाठी कोणतेही तिकीट नसते आणि डब्यात नाणे टाकण्याची सक्तीही नसते. सहा जानेवारीच्या आत झाड उतरवले जाते आणि त्याचा भुगा करून बागांतल्या मातीवर पसरला जातो. याच चौकात दिवाळीच्या सुमारास महापौरांच्या वतीने दिवाळीचा सार्वजनिक सोहळाही होतो, त्यामुळे अनेक मराठी कुटुंबांना ही जागा आधीपासून परिचयाची असते.

कॉव्हेंट गार्डन इथून जवळ आहे. १९७४ पर्यंत ही लंडनची भाजी आणि फुलांची घाऊक मंडई होती, आणि तिच्या काचेच्या छताखाली आता नाताळात झुंबरे व मोठाल्या घंटा टांगतात, बाहेर कुंडीतले भले थोरले झाड उभे करतात. सजावट उत्तम, छत डोक्यावर असल्याने पावसाची भीती नाही, आणि रस्त्यावरचे कलाकार जादू व कसरती दाखवत असतात. खाण्याचे दर मात्र पाहुण्यांना रुपयांत सांगू नयेत.

आता उघड्या छताच्या सशुल्क बसकडे येतो. अशा फेऱ्या अनेक कंपन्या चालवतात, आणि तिकीट नेहमीच्या बसभाड्याच्या साधारण पंधरा-वीस पट पडते. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत. डोक्यावर छत नसल्याने रीजंट स्ट्रीटचे देवदूत संपूर्ण दिसतात, आणि उतरणे-चढणे नसल्याने ज्यांना चालणे अजिबात शक्य नाही अशांना एकाच जागी बसून सगळे पाहता येते. या दोन गोष्टी सोडल्यास बाकी हिशेब तोट्याचाच आहे. बस त्याच वाहतुकीत, त्याच गतीने सरकते, आणि जी कोंडी काचेआड उबेत बसून सुखाची वाटते ती चार-पाच अंश तापमानात वाऱ्यावर बसून शिक्षा होते. पाऊस आला तर रेनकोट चढवून बसावे किंवा खालच्या मजल्यावर जाऊन पैसे वाया गेल्याचा विचार करत राहावे. मार्गदर्शकाचे विनोद इंग्रज प्रेक्षकांसाठी बेतलेले असतात आणि ध्वनिक्षेपकावरून ते निम्मेच कळतात. सत्तरीच्या पुढच्या, भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला ही फेरी घडवू नये. पुढचे आठ दिवस घरात काढे करावे लागतात.

क्यू येथील दिव्यांची वाट हा सर्वस्वी वेगळा प्रकार आहे, आणि तिची तुलना रस्त्यावरच्या आराशीशी करणे न्यायाचे होणार नाही. २०१३ पासून दर हिवाळ्यात या शाही वनस्पती-उद्यानात अंधार पडल्यावर सुमारे तीन किलोमीटरची वाट दिव्यांनी आणि संगीताने सजवली जाते. तिकीट महाग आहे. प्रौढ माणसाला पंचवीस पौंडांच्या पुढेच खर्च येतो, नाताळजवळच्या शनिवार-रविवारी त्याहूनही अधिक. प्रवेशाची वेळ ठरवून दिलेली असते आणि मोक्याच्या तारखा फार आधी संपतात. एवढे असूनही मी त्याला नापास करत नाही, याचे कारण दिवे नसून झाडे आहेत. शे-दोनशे वर्षांची, जगभरातून आणून वाढवलेली झाडे इथे उभी आहेत, आणि खालून प्रकाश टाकला की त्यांच्या खोडांचा पोत, फांद्यांची वळणे, पानगळीनंतर उरलेला सांगाडा असा काही दिसतो, जो दिवसा कधी नजरेत भरत नाही. शेवटी पाम हाउससमोर प्रकाशाचा खेळ होतो. १८४८ साली पूर्ण झालेले ते लोखंड आणि काचेचे वक्राकार घर तळ्याच्या पाण्यात उलटे दिसते, आणि तिथे तिकिटाचे पैसे वसूल झाल्याची भावना बहुतेकांना होते.

जिथे आयोजकांना झाडे पुरेशी वाटत नाहीत आणि ते प्लॅस्टिकच्या कमानी, रंग बदलणारे बोगदे व ठणठणाटी गाणी मध्ये आणतात, तिथे मात्र वाट रटाळ होते. असा बोगदा आता कोणत्याही शहरातल्या कोणत्याही मॉलबाहेर दिसतो. गर्दी एकाच दिशेने चालत असल्यामुळे मागे फिरता येत नाही, आणि मध्येच कोणाला थकवा आला तर लवकर बाहेर पडणे सोपे नसते. म्हणून माझी सूचना अशी की ज्यांना बागकामाची आवड आहे, ज्यांचे पाय धड आहेत आणि ज्यांनी दिवसाची क्यू आधी पाहिली आहे, त्यांनी मधल्या वारी, नोव्हेंबरअखेरच्या एखाद्या संध्याकाळी जावे. पहिल्यांदाच लंडनला आलेल्याने त्याच पैशांत दिवसा उद्यान पाहावे; हिवाळ्यातही काचघरांत उबदार हिरवाई असते. हाइड पार्कातला नाताळमेळा मी या परीक्षणातून वगळतो, कारण ती पाळणे, खाऊ आणि घसरगुंड्यांची जत्रा आहे, आणि दिवे तिथे निमित्तमात्र असतात.

गर्दीचा तिटकारा असणाऱ्यांसाठी शहराच्या जुन्या आर्थिक भागातला लेडनहॉल मार्केट हा पर्याय सुचवतो. १८८१ सालची ही छप्पर असलेली, लाल, हिरव्या आणि सोनेरी रंगांनी रंगवलेली बाजारपेठ मुळातच इतकी देखणी आहे की मध्यभागी एक झाड आणि काही माळा एवढ्यावर काम भागते. आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी आसपासच्या कचेऱ्यांतले लोक पेयगृहांबाहेर गर्दी करतात. शनिवार-रविवारी मात्र या भागात शुकशुकाट असतो आणि छायाचित्रे निवांत काढता येतात.

वयस्कर पाहुण्यांबरोबर निघताना दिव्यांहून महत्त्वाचे दोन प्रश्न असतात, स्वच्छतागृह कुठे आणि गरम काय मिळेल. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मोठ्या बहुमजली दुकानांत स्वच्छतागृहे असतात आणि तिथे कोणी हटकत नाही. ट्रफाल्गर स्क्वेअरवरच्या नॅशनल गॅलरीत प्रवेश विनामूल्य आहे, परंतु ती शुक्रवार सोडल्यास सायंकाळी सहाला बंद होते, हे ध्यानात ठेवून क्रम लावावा. चौकाच्या कोपऱ्यावरच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या तळघरात उपाहारगृह आहे. विटांच्या कमानींखाली बसून गरम सूप, पाव आणि चहा मिळतो, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही आणि दरही आसपासच्या मानाने माफक आहेत. जमिनीत बसवलेल्या जुन्या थडग्यांच्या फरशांवरून चालावे लागते हे आधी सांगून ठेवावे. माझ्या एका नातलग काकांनी ते कळताच चहा उभ्यानेच आणि बाहेरच घेतला.

वेळेच्या बाबतीत लंडनचा हिवाळा पाहुण्यांना फार सोयीचा आहे. डिसेंबरच्या मध्यावर चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे साडेतीनला बसमध्ये बसले की मावळतीच्या निळसर उजेडात ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि पूर्ण अंधारात रीजंट स्ट्रीट पाहून सातपर्यंत घरी वरणभाताला परतता येते. मोठ्या रस्त्यांचे दिवे नोव्हेंबरच्या पूर्वार्धातच लागतात, म्हणून झाडाचा आग्रह नसेल तर नोव्हेंबरातला मंगळवार किंवा बुधवार सर्वांत उत्तम. झाड हवे असेल तर डिसेंबरचा पहिला गुरुवार उलटल्यावर जावे, आणि नाताळआधीचे शेवटचे दोन शनिवार कटाक्षाने टाळावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंचवीस डिसेंबरला लंडनमध्ये बस, भुयारी रेल्वे आणि आगगाड्या पूर्णपणे बंद असतात. ‘नाताळचे दिवे नाताळच्याच दिवशी पाहू’ असा बेत भारतातून ठरवून येणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा तो दिवस दूरचित्रवाणीसमोर जातो.

१३९ क्रमांकाच्या बसचे हे कौतुक आहे त्या मार्गाला धरून आहे, याची जाणीव मला आहे. लंडनच्या महापौरांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीट वाहनमुक्त करून पादचाऱ्यांना देण्याची योजना जाहीर केली आणि तिला नंतर गतीही मिळाली. ती अमलात आल्यावर बस शेजारच्या रस्त्यांवर वळतील. पादचाऱ्यांसाठी ते हिताचेच आहे, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून ताऱ्यांच्या ओळी समोरून पाहण्याची सोय तेव्हा पायी फिरणाऱ्यांनाही होईल. मात्र उंचावरून दिसणारे ते दृश्य कोणत्याच भाड्यात मिळणार नाही. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशीचा बसमार्ग संकेतस्थळावर तपासावा, आणि बस अजून ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून जात असेल तर पुढच्या काचेजवळच्या जागेसाठी गोल्डर्स ग्रीनपर्यंत उलटे जाऊन चढण्याची तयारी ठेवावी.